खांद्यावरचा फिका पट्टा

श्रीमंतांच्या कोटांसाठी कापड विणायचं, ही वस्त्रकलेच्या कॉलेजातली तिची शेवटच्या वर्षाची परीक्षा. मागावर बसून बसून पोरीच्या कंबरेचा काटा ढिला झाला होता. पण कापड उतरलं झकास. गडद करड्या रंगात एकच फिका पट्टा, कडांना अलगद विरत गेलेला. कोट शिवल्यावर तो नेमका डाव्या खांद्यावर आला.

"हे सुचलं कुठून?" परीक्षकांनी कोटावरून हात फिरवत विचारलं.

"बाबांच्या कोटावरून. ते माल विकत दारोदार फिरतात. खांद्यावर जड बॅग असते. तिच्या बंदानं घासून घासून तिथला रंग असाच उडालाय."

बाबांना तिनं मुद्दाम बोलावलं होतं. कामावरून तसेच, त्याच कोटात आलेले बाबा बॅग पायाशी ठेवून मागे उभे होते. तिनं बोट दाखवताच सगळ्यांनी वळून त्यांच्या खांद्याकडे पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या. बाबाही हसले.

परतताना बसमध्ये दोघांना बसायला जागा मिळाली.

"बाबा, बॅग ठेवा ना खाली. किती दमलाय तुम्ही."

"असू दे गं," ते म्हणाले, आणि बॅगेचा बंद सरकवून त्यांनी खांद्यावरची फिकी जागा नीट झाकली.