दुसरं गाव

"आता तुम्ही आलात का प्रश्न विचारायला?" कोंडाबाई दारातूनच म्हणाली. "तीन वर्षं तुमच्या बाईंना सांगतेय, खोकला जात नाही, डोळे चुरचुरतात. त्या वहीत लिहून नेतात. चुली मात्र पलीकडच्या गावाला!"

माझी बायको अर्थतज्ज्ञ होती. बिनधुराच्या चुलींचा खरंच उपयोग होतो का, हे शोधून सरकारला सांगायचं तिचं काम होतं. त्यासाठी एका गावाला चुली दिल्या आणि या गावाला नुसते प्रश्न विचारले. फरक कळायचा तर असंच करावं लागतं, असं ती म्हणायची. पण अभ्यास संपला की इथंही चुली देऊ, असा शब्द तिनं दिला होता.

अहवालात चुली उपयोगी ठरल्या. मी तिच्या ऑफिसात फोन केला, तर साहेब म्हणाले, "काका, तो प्रकल्प बंद झाला."

मी कारखान्यातला फिटर. महिनाभर चूल बांधायला शिकलो. धुराचा पाइप खांद्यावरून उतरवून कोंडाबाईच्या ओट्यावर ठेवला.

"बाई कुठायत?"

"गेली. होळीच्या आधी."

ती आत गेली आणि माती भिजवायला पाण्याची कळशी घेऊन आली.

संध्याकाळी चूल उभी राहिली.

"आठ दिवस वाळू द्या," मी म्हणालो. "आणि एक विचारायचं होतं."

"विचारा. आम्हाला सवय आहे."

"उद्या कोणाच्या घरी?"