करडं कुठंयत, शेठ?

"बारा लाख मी देणार, आणि तुमची पोरगी वहीत लिहिणार सव्वाआठ! मधले पावणेचार कुणाच्या पदरात गेले, ते तिलाच विचारा."

एवढं बोलून उत्तरेश्वर शेठ खाली बसले. पाटोद्यातल्या शेळीपालक बायांच्या कंपनीच्या सभेत सगळ्या माना उज्ज्वलाकडे वळल्या.

हिशोबाचं काम तिच्याकडे येऊन तीनच महिने झाले होते. कंपनीला जुनी शेड विकायची होती. बायांनी नऊ लाख रोख मागितले. शेठ दिलदार माणूस! म्हणाले, नऊ कशाला, बारा घ्या. दर दसऱ्याला दोन, अशी सहा वर्षं. बाया खूश. आज हात वर करून ठराव करायचा, एवढंच उरलं होतं आणि ऐन वेळी या पोरीनं पाचर मारली होती.

"उज्ज्वला, खरं सांग," अध्यक्ष कडूबाई म्हणाल्या. कामावर त्यांनीच तिला आणलं होतं, म्हणून आवाज जरा जास्तच कडक. "आमी अडाणी असू, पर बारा आन् आठातला फरक कळतो आमाला."

उज्ज्वलाचे डोळे भरून आले. चोर म्हणून घरी जायचं? 'वर्तमान मूल्य', म्हणजे पुढं मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत, तिनं दोनदा समजावून पाहिलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी.

ती उठली. "आत्या, तुमची एक शेळी बबिताकडं अर्धलीनं हाय न्हवं?"

"हाय की." शेळी एकीची, सांभाळणार दुसरी, करडं निम्मी निम्मी. तिथल्या प्रत्येकीचा हा व्यवहार होता.

"सहा वर्षांनी बबितानं नुसती शेळीच आणून बांधली तर?"

"नुसती? आन् करडं?" कडूबाई उसळल्या. "सहा वर्षांत कळप व्हतोय. निम्मा माझा!"

"आपली शेड म्हंजे ती शेळी. आपण बायांना वर्षाला शेकडा बारा व्याजानं पैसे देतो, तर शेठकडं अडकलेला पैसाबी तेवढा वाढायला पायजे. त्या बारा लाखांतले पावणेचार म्हंजे नुसती वाढ, आपलीच करडं. ती वगळली तर शेड गेली सव्वाआठाला. नऊची शेळी शेठ सव्वाआठात नेतायत आन् आपलीच करडं आपल्याला आहेर म्हणून दावतायत."

मागच्या रांगेतून मंजुळाबाई करडासारखी ओरडली, "बँऽऽ!"

झालं! अख्खी सभा बेंबाटायला लागली. पदर तोंडाला लावून, एकमेकींना टाळ्या देऊन बाया ओरडत होत्या, "करडं कुठंयत, शेठ?"

शेठनी रुमालानं मान पुसली. "बरं, साडेआठ देतो. आत्ताच."

"नऊ!" सगळ्या एकदम.

शेठनी चेकबुक काढलं.

कडूबाई उज्ज्वलाकडे वळल्या. "ह्ये नऊ वहीत किती लिहिशील गं?"

"आजच मिळतायत, आत्या. मग नऊच."

"ल्ही तर. पर आधी डोळं पूस. आकडा वला व्हईल."