नदीतली चूल

त्रिनिदादच्या आमच्या गावात रविवारी घरी चूल पेटत नाही, सगळे नदीकाठी रांधतात. ह्या रविवारी काठावर नव्या मालकाची पाटी दिसली : 'खाजगी जागा. चूल पेटवू नये.'

दुलारी मावशीनं पाटी मोठ्यानं वाचली, झगा खोचला आणि बदकाच्या रश्श्याचं पातेलं घेऊन थेट नदीत शिरली. मधल्या खडकावर चूल पेटली. पोरं डुंबली. आम्ही कमरेइतक्या पाण्यात पत्ते कुटले, रम प्यायलो.

मालक धावत आला. "चालते व्हा माझ्या जागेतून!"

"तुमची जागा तिकडं, काठावर," मावशी रस्सा ढवळत म्हणाली. "नदी कुणाच्या बापाची नाही."

रश्श्याचा वास काठापर्यंत गेला. मालक घुटमळला, आणि शेवटी त्यानं एक पाय पाण्यात घातला.

"ओ, आधी बूट काढा!" मावशी कडाडली. "आमच्या घरात येताय!"