ठरलेली जागा

"ही तर एकटीच आहे की हो," तपासणीस बाई म्हणाल्या, आणि सुताराचा चेहरा पडला.

शिक्षण खात्याच्या या बाई त्याच्या घरातली शाळा तपासायला आल्या होत्या. शाळा म्हणजे काय, तर माळ्यावरची खोली, एक फळा, एक बाक आणि समोर टेबलावर उभा केलेला स्क्रीन. त्याच्यासमोर बसून त्याची लेक ठकी ऑनलाइन शिकायची. गल्लीतली शाळा मुलं कमी म्हणून बंद झाली, तेव्हा खात्यानं तिला मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत घातलं होतं. तिथे पोर अख्खी सहामाही तोंडात मिठाची गुळणी धरून बसली. ही ऑनलाइन शाळा लागली आणि तिच्या तोंडाचा पट्टा पुन्हा सुरू झाला. आज परवानगी मिळाली नाही, तर सोमवारपासून तिला परत रस्त्यापलीकडे जावं लागणार होतं.

सुतारानं सांगून पाहिलं, की स्क्रीनवर अख्खा वर्ग असतो. बाईंनी नकारार्थी मान हलवली. स्क्रीनवर दिसणारी मुलं मोजायची नाहीत, असा नियम होता. वर्गात ज्याची ठरलेली जागा आहे तोच विद्यार्थी, आणि असे निदान दोघं हवेत, नाहीतर तो वर्गच नव्हे. मुलांना एकमेकांची सोबत हवी, असा त्यामागचा विचार होता म्हणे. विचार चांगलाच होता, पण शब्द खात्याचे होते.

बोलता बोलता बाईंचं लक्ष बाकाकडे गेलं. जुना, दोघांचा बाक. दौतीसाठी भोक, आणि मधोमध कर्कटकानं ओढलेली वाकडीतिकडी रेघ. बंद झालेल्या शाळेचं सामान भंगारात निघालं, तेव्हा ठकीनं हट्ट धरला म्हणून सुतारानं तो उचलून आणला होता. तुला एकटीपुरता छान नवा करून देतो, असं त्यानं परोपरीनं सांगितलं. पण ती काही बधली नाही.

बाईंना हसू आलं. शाळेत असताना अशी रेघ त्यांनीही ओढली होती. शेजारीण कोपर अलीकडे आणायची, आणि या ते पट्टीनं मागे ढकलायच्या. रोज भांडण, रोज कट्टी, आणि मधल्या सुट्टीत पुन्हा एकाच डब्यात दोघींचे हात. ती आजारी पडली की शेजारची मोकळी जागा बघवायची नाही. आता तिचं आडनावही आठवत नव्हतं, कोपर मात्र अजून टोचत होतं. किती सुखाचे दिवस होते ते. बाई न राहवून बाकाच्या मोकळ्या बाजूला जाऊन बसल्या. गुडघे फळीला अडले, तरी बसून बरं वाटलं.

ठकीनं काहीतरी सांगायला तोंड उघडलं. बापानं डोळे वटारले. बाई जरा खुशीत आल्या आहेत, त्यात माशी शिंकायला नको, एवढंच त्याच्या मनात होतं.

पण बसून बरं वाटलं म्हणून नियम थोडाच बदलतो? बाईंनी जड मनानं पेन काढलं. 'ठरलेली जागा असलेले विद्यार्थी' या रकान्यात त्या 'एक' लिहिणार, तेवढ्यात तास सुरू झाला. स्क्रीनवर एकेक चेहरा उगवू लागला. त्यात दोन वेण्यांची एक उंच मुलगी होती. ती गल्लीतल्या शाळेत ठकीच्या शेजारी बसायची. शाळा बंद झाल्यावर ती आईबाबांबरोबर दुसऱ्या गावी गेली होती. तिला सगळे लांबोडी म्हणत. ती दिसताच ठकीनं सवयीनं आपलं कोपर रेघेच्या अलीकडे ओढून घेतलं.

लांबोडीनं बाईंना निरखून पाहिलं. तिला जरा रागच आला होता, पण मोठ्या माणसांशी कसं बोलावं हे तिला कळत होतं.

"बाई, जरा उठता का?" ती म्हणाली. "ती माझी जागा आहे."

बाई उठल्या, आणि उभ्यानंच त्यांनी रकान्यात 'दोन' लिहिलं.