डोलीवाल्याची पहिली फेरी

डोंगरावरच्या मठाकडे जाणारा रोपवे सुरू झाला आणि बाबू मेंगाळची डोली आढ्याला टांगली गेली. एकवीस वर्षं त्याने म्हाताऱ्याकोताऱ्यांना डोलीत बसवून नऊशे पायऱ्या चढवून नेलं होतं. "मेलो तरी त्या पाळण्यात बसणार न्हाई," तो सगळ्यांना सांगायचा.

एका सकाळी त्याची बायको हौसा गुडघे चोळत म्हणाली, "साऱ्या मुलखाला मठ दावलात. मला कधी नेलंत?"

बाबूने टोपी डोक्यावर घातली. मग तो तिला घेऊन रोपवेच्या रांगेत उभा राहिला.

पाळणा हलला तसे त्याने डोळे गच्च मिटले. हौसाने त्याचा हात धरला. "मी हाय न्हवं? उघडा डोळे."

त्याने उघडले. खाली नदी वळण घेत गेली होती, भाताची खाचरं पसरली होती, त्यांच्या घराचा पत्रा उन्हात चमकत होता. खांद्यावर ओझं असताना त्याची नजर कायम पुढच्या पायरीवरच असायची. हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

"आपलं गाव एवढं देखणं हाय व्हय?" तो पुटपुटला. मग हौसाकडे वळून म्हणाला, "परतताना बी खिडकीलाच बसू."