सुनेची पोत
माझ्या सुनेची, नोराची, सोन्याची पोत इथल्या अरबी बाजारात, सूक वाकिफमध्ये, पडली आणि दुकानदाराने ती चौकीत दिली. पण ती कामाला होती त्या हापिसाला टाळं लागून नोराचा व्हिसा संपलेला. "मम्मी, नको जाऊया. कागद मागतील, मला परत धाडतील." "चल गं! आमच्या गावचा पोलीस पाटील आधी विचारायचा, काय हरवलं. तू कोणाची, ते चहा पिताना." इथल्या हवालदाराने मात्र आधी तिचं कार्डच मागितलं. नोरा पांढरी पडली. तो समजला. मोडक्या हिंदीत मला म्हणाला, "अम्मा, व्हिसा दुसरं खातं बघतं. मला पोतीचा मालक पाहिजे. तुमची आहे?" मी माझा पासपोर्ट टेबलावर आपटला. "माझीच!" बापजन्मात खोटं बोलले नाही. वसईला तिच्या लग्नात, बँड वाजत असताना, माझ्या गळ्यातून काढून मीच तिला घातली होती. आज चौकीबाहेर पुन्हा घातली. बँड नव्हता एवढंच.