बत्तीस इंचांचं टेबल

"छत्तीस सांगितले होते मी," मिस्त्री म्हणाले. "तू बत्तीसवर खुणा केल्यास."

चारही पाय कापून झाले होते. चौकोनी लोखंडी पाइपचे, अगदी सारखे, आणि चारही चार इंचांनी तोकडे. कापलेला पाइप काही परत वाढत नाही. बायकोने हातातला खडू खिडकीत ठेवला आणि मला तेवढंच दिसलं, असं म्हणाली.

मिस्त्रींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. टेपवरचे बारीक आकडे त्यांना आता दिसत नसत, म्हणून तर तिला मदतीला घेतलं होतं. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवणारी बाई, जिचं माप कधी सुतानं चुकलं नाही, ती नेमकी इथेच चुकावी?

"तुला हे टेबल व्हायलाच नको आहे," ते म्हणाले.

ती टेप गुंडाळू लागली. घरामागच्या शेडमध्ये, खिडकीखालच्या उजेडात आपलं शिलाई मशीन ठेवावं असं तिच्या मनात कित्येक वर्षांपासून होतं. पण ठिणग्या उडतात तिथे कापड कसं ठेवणार? वेल्डिंगचं मशीन गेलं, तर ती जागा तिला आयतीच मिळणार होती.

आणि ते जायची वेळ आलीच होती. मागच्या महिन्यात मिस्त्रींनी केलेला नातीचा झोपाळा कडीपाशी सुटला. पोरीचं कोपर सोलवटलं, एवढ्यावर निभावलं. पण मुलाने ते मनावर घेतलं. आजारपणापासून बाबांचा डावा हात थरथरतो, आणि बाबा पडले डावखुरे. तेव्हा मशीन विकून टाकू, असं त्याने सांगितलं. मिस्त्रींनी घर डोक्यावर घेतलं. शेवटी असं ठरलं, की बाबांनी शेडसाठी एक भक्कम टेबल करायचं. रविवारी मुलगा येऊन प्रत्येक जोडावर घण मारणार. एक जरी जोड सुटला, तर मशीन जाणार.

लोखंड सोडून या माणसाला दुसरं काही येत नव्हतं. मशीन गेल्यावर सकाळी उठून करायचं काय?

मंगळवारी चौकट गुण्यात बसेना, कोपरे काटकोनात येईनात. बुधवारी वरचा जाड पत्रा तापून एका कोपऱ्यात उचलला गेला. पहिल्या पायाचा जोड मारून त्यावर हातोडी टेकवली, तर पाय बिस्किटासारखा सुटून हातात आला. मिस्त्रींनी हातोडी भिंतीवर भिरकावली. पुन्हा कसाबसा जोड मारला आणि तो न तपासताच ते हाताच्या व्यायामाला निघून गेले. रोज चार ते साडेपाच, दवाखान्यात बसून रबरी चेंडू दाबायचा. उभा जन्म घण चालवलेल्या माणसाला चेंडू दाबताना मेल्याहून मेल्यासारखं होई.

परत आल्यावर त्यांनी तोच जोड ठोकून पाहिला. हलला नाही. बायकोने वरची खपली काढून ब्रश फिरवून ठेवला होता. वेल्डिंगचे रॉड दमट झाले होते, मी सकाळी उन्हात ठेवले, त्याचा गुण, असं ती म्हणाली. मिस्त्रींना पटलं. दमट रॉडने भल्याभल्यांची फजिती होते.

गुरुवारी व्यायामाला निघताना शेजाऱ्याने त्यांना कुंपणापाशी गाठलं. रोज पाच वाजता तुमच्या मशीनमुळे आमचे दिवे मिणमिणतात, अशी त्याची तक्रार होती. आळ घ्यायचा तर निदान वेळ बघून घ्या, पाचला मी घरातच नसतो, असं सुनावून मिस्त्री तरातरा पुढे गेले.

संध्याकाळी परत येऊन बघतात तर बायको डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवून पडलेली. डोळे लालभडक झाले होते. दुसऱ्यांचे कपडे शिवणारीच्या स्वतःच्या बाहीला भोकं पडली होती, तिकडेही तिचं लक्ष नव्हतं. आपण फार बोललो, हिला रडवलं, असं मिस्त्रींना वाटलं. पण तसं म्हणायला जीभ रेटेना, आणि त्याचाही राग त्यांनी दार आपटून काढला.

शनिवारी टेबल उभं राहिलं. डुगडुगत नव्हतं, पण उंचापुऱ्या मिस्त्रींच्या जेमतेम मांडीपर्यंत येत होतं. अर्धा तास काम केलं तर पाठीचे तीनतेरा वाजले असते.

रविवारी मुलाने हातचं राखलं नाही. सोळा जोड, प्रत्येकावर तीन घाव. मग तो स्वतः टेबलावर चढून नाचला. एकही जोड हलला नाही.

"हात शाबूत आहे की तुमचा, बाबा," तो घाम पुसत म्हणाला. "राहू दे मशीन. फक्त टेबल बुटकं झालंय."

"आईची कृपा," मिस्त्री म्हणाले.

मुलगा गेल्यावर ते स्टूल ओढून टेबलाखाली वाकले. आठवडाभर जोड नुसते ठोकून पाहिले होते, हात फिरवायला सवड झाली नव्हती. आता त्यांनी पहिल्या पायाच्या जोडावरून बोट फिरवलं. वितळून थिजलेल्या लोखंडावर बारीक लाटा उठतात, आणि वेल्डरचा हात कुठून कुठे गेला ते त्या लाटा सांगतात. डावखुऱ्या मिस्त्रींचा हात आयुष्यभर उजवीकडून डावीकडे गेला होता.

या लाटा डावीकडून उजवीकडे गेल्या होत्या. शिवणीसारख्या सरळ. दुसऱ्या पायाला तेच. तिसऱ्याला, चौथ्यालाही तेच.

इतकी वर्षं त्यांचं काम जवळून बघत आलेलं या घरात एकच माणूस होतं. त्यांना राग आला होता, पण तो काढायचा कुणावर ते कळेना.

त्यांनी वर पाहिलं. त्यांच्या खांद्यालाही न पोहोचणारी त्यांची बायको टेबलापाशी उभी राहून पत्रा पुसत होती. ना तिला वाकावं लागत होतं, ना हात उचलावा लागत होता.

मिस्त्री उठले. खुंटीवरचा काळ्या काचेचा मुखवटा काढून त्यांनी तो तिच्यासमोर ठेवला.

"आधी काच डोळ्यांवर ओढायची, मग रॉड टेकवायचा," ते म्हणाले. "बटाट्यावर किती दिवस भागवशील?"